व्हिडिओ गेमला ‘कॅसेट’ देणारे जेरी लॉसन, त्यांच्या स्वतःच्या कंपनीची एकच कॅसेट बाजारात आली, तीही गेमची नव्हती

नव्वदच्या दशकात उन्हाळ्याच्या सुट्ट्या ज्यांनी टीव्हीसमोर घालवल्यात, त्यांना एक गोष्ट कुणी शिकवावी लागली नाही. गेम अडकला की कॅसेट काढायची, खालच्या बाजूने जोरात फुंकर मारायची आणि खटकन परत बसवायची.

यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड तालुक्यातलं ढाणकी असो नाहीतर मुंबईतलं दादर, पद्धत सगळीकडे सारखीच. सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांची मशीन यायची. गल्लीत मशीन एखाद्याकडेच असायचं, पण कॅसेटी चार घरांत असायच्या. कॉन्ट्रा देऊन मारिओ आणायचा, लाईट गेली की गप बसायचं आणि आली की पुन्हा पहिल्या लेव्हलपासून सुरुवात.

मशीन एक आणि गेम पाहिजे तेवढे. आपल्याला ही गोष्ट इतकी साधी वाटते की ती कुणीतरी डोकं लावून जमवली असेल, हे लक्षातही येत नाही. पण १९७६ च्या नोव्हेंबरपर्यंत जगातल्या कुठल्याच दुकानात अशी प्रोग्रामवाली कॅसेट विकत मिळत नव्हती.

ती ज्या टीमने घराघरात नेली तिचे प्रमुख होते जेरी लॉसन. अमेरिकेतले कृष्णवर्णीय इंजिनिअर. कॉलेजला गेले पण डिग्री घेतली नाही. पुढे त्यांनी व्हिडिओसॉफ्ट नावाची स्वतःची छोटी गेम कंपनी काढली. ज्या माणसाने गेम वेगळा विकायची सोय केली, त्याच माणसाला स्वतःचा एकही गेम त्या कंपनीच्या नावाने बाजारात आणता आला नाही.

असं का झालं? त्यासाठी गोष्ट सुरुवातीपासून बघावी लागेल.

आजोबा फिजिक्स शिकले, नोकरी मिळाली पोस्टात

जेराल्ड अँडरसन लॉसन. जन्म १ डिसेंबर १९४०, न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन. बालपण गेलं क्वीन्स भागात. सगळे जेरी म्हणायचे.

वडील बंदरावर माल चढवण्या-उतरवण्याचं काम करायचे. काम अंगमेहनतीचं, पण वाचनाचा आणि विज्ञानाचा नाद जबरदस्त. आजोबा तर फिजिक्स शिकलेले होते. पण त्या काळच्या अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाला फिजिक्सची नोकरी कोण देणार? ते पोस्टमास्तर झाले.

म्हणजे घरात बुद्धी होती, कष्ट होते, फक्त दार उघडत नव्हतं.

आईने हे ओळखलं होतं. ती न्यूयॉर्क शहराच्या नोकरीत होती. पोराला कुठल्या शाळेत घालायचं हे ठरवताना ती स्वतः जाऊन शाळा बघायची, शिक्षकांशी बोलायची. जेरीला तिने अशा शाळेत घातलं जिथे जवळपास सगळी मुलं गोरी होती, आणि पुढे त्याच शाळेच्या पालक-शिक्षक संघाची ती अध्यक्ष झाली. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

पहिलीत असताना जेरीच्या बाईंनी त्याला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्याबद्दल सांगितलं. कार्व्हर म्हणजे गुलामीत जन्मलेले आणि पुढे मोठे कृषी शास्त्रज्ञ झालेले कृष्णवर्णीय संशोधक. कापसाने खंगलेल्या जमिनीत भुईमूग आणि रताळी घ्या, असं अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या शेतकऱ्यांना सांगत फिरलेला माणूस. तूही असा होऊ शकतोस, हे बाईंनी जेरीच्या मनावर बिंबवलं. ते त्याने शेवटपर्यंत लक्षात ठेवलं.

तेराव्या वर्षी जेरीने घरातच स्वतःचं हॅम रेडिओ स्टेशन उभं केलं. सुटे भाग विकत आणायचे, जोडायचे, अँटेना लावायचा आणि अनोळखी माणसांशी बोलायचं. खर्चाला पैसे हवेत म्हणून तो लोकांच्या घरी जाऊन टीव्ही दुरुस्त करायला लागला.

टीव्ही दुरुस्त करणारा पोरगा, हे लक्षात ठेवा. शेवटी कामाला येईल.

डिग्री नाही, पण हातात विद्या

जेरी क्वीन्स कॉलेजला गेला, सिटी कॉलेज ऑफ न्यूयॉर्कलाही गेला, पण डिग्री पूर्ण केली नाही. इलेक्ट्रॉनिक्स मात्र सोडलं नाही. फेडरल इलेक्ट्रिक, विमानं बनवणारी ग्रुमन, काईसर इलेक्ट्रॉनिक्स अशा कंपन्यांत कामं करत त्याने मुक्काम न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियात हलवला.

१९७० मध्ये लॉसन फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरमध्ये रुजू झाले.

आज आपण ज्याला सिलिकॉन व्हॅली म्हणतो, तिची सुरुवात ज्या कंपन्यांपासून धरली जाते त्यातली ही एक. १९५७ मध्ये आठ तरुणांनी मिळून काढलेली. त्यातलेच रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर १९६८ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी इंटेल काढली. म्हणजे लॉसन ज्या ठिकाणी पोहोचले होते, ते चिपच्या दुनियेचं माहेरघर होतं.

लॉसन यांचं काम होतं ॲप्लिकेशन इंजिनिअरचं. सोप्या भाषेत सांगायचं तर कंपनीची चिप घेऊन ग्राहकाकडे जायचं आणि तुमच्या मशीनमध्ये ती कशी वापरता येईल, हे करून दाखवायचं. यासाठी चिप कळावी लागते आणि समोरच्याची अडचणही कळावी लागते. लॉसन यांना दोन्ही जमायचं.

उंची साडेसहा फूट, आवाज भारदस्त. बऱ्याच जणांशी आधी फक्त फोनवर बोलणं व्हायचं. प्रत्यक्ष भेट झाली की समोरचा चमकायचा, कारण हा इंजिनिअर कृष्णवर्णीय असेल अशी कल्पनाच त्याने केलेली नसायची.

त्याच काळात तिथे होमब्रू कॉम्प्युटर क्लब सुरू झाला. संगणकवेडे लोक जमायचे, घरी बनवलेल्या गोष्टी एकमेकांना दाखवायचे. ॲपलचे स्टीव्ह जॉब्स आणि स्टीव्ह वॉझनियॅक इथलेच. लॉसनही या क्लबमध्ये होते. त्या अख्ख्या गर्दीत कृष्णवर्णीय सदस्य दोनच, लॉसन आणि रॉन जोन्स. लॉसन यांनी एकदा वॉझनियॅकची नोकरीसाठी मुलाखतही घेतली होती आणि त्यांना घेतलं नव्हतं.

गॅरेजमधला गेम आणि ऑफिसमधून आलेलं बोलावणं

१९७२ मध्ये अटारीचा पाँग आला आणि नाणं टाकून खेळायच्या गेमची लाट आली. पण पाँगमध्ये प्रोग्राम असा नव्हताच. सर्किटच असं जोडलेलं की त्यातून तो एकच खेळ होणार. दुसरा गेम पाहिजे, तर दुसरं सर्किट बनवा.

घरी वापरायची मशीनही तशीच. १९७२ चं मॅग्नाव्हॉक्स ओडिसी हे घरगुती व्हिडिओ गेमचं पहिलं मशीन. त्याला कार्ड लावायची सोय होती, पण त्या कार्डात गेम साठवलेला नसायचा. मशीनमधल्या तयार सर्किटचे कुठले धागे कुठे जोडायचे, एवढंच ते कार्ड ठरवायचं. मशीनमध्ये नसलेला खेळ त्यातून येणं शक्यच नव्हतं.

लॉसन यांच्या डोक्यात आलं की गेममध्ये मायक्रोप्रोसेसर घातला तर? फेअरचाइल्डने तेव्हा एफ-८ नावाचा मायक्रोप्रोसेसर काढला होता. लॉसन यांनी घरच्या गॅरेजमध्ये तो वापरून डिमॉलिशन डर्बी नावाचा गेम तयार केला आणि चाचणीसाठी कॅम्पबेल गावच्या एका पिझ्झाच्या दुकानात ठेवला. मायक्रोप्रोसेसरवर चालणाऱ्या अगदी सुरुवातीच्या आर्केड गेमपैकी हा एक.

ही बातमी ऑफिसपर्यंत गेली. आता वाटेल, साहेब चिडले असतील. झालं उलटंच. फेअरचाइल्डलाच व्हिडिओ गेमच्या धंद्यात उतरायचं होतं. त्यांनी लॉसन यांना बोलावलं आणि गुपचूप हे काम सोपवलं. पुढे ते या विभागाच्या इंजिनिअरिंगचे प्रमुख झाले.

कल्पना कुणाची, काम कुणाचं

सोशल मीडियावर लॉसन यांच्या फोटोखाली बऱ्याचदा लिहिलेलं असतं की कॅसेटचा शोध त्यांनी एकट्याने लावला. गोष्ट थोडी वेगळी आहे.

कनेक्टिकट राज्यात अल्पेक्स कॉम्प्युटर नावाची छोटी कंपनी होती. तिथल्या वॉलेस किर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल या दोघांनी टीव्हीला जोडायचं एक मशीन बनवलं होतं. आत इंटेलचा ८०८० प्रोसेसर आणि गेम वेगळ्या सर्किट बोर्डवर. बोर्ड बदलला की गेम बदलायचा. मूळ कल्पना ही. फेअरचाइल्डने तिचे हक्क घेतले.

पण तो होता प्रयोगशाळेतला नमुना. उघडे बोर्ड, उघड्या पिना, हाताळायला इंजिनिअर लागणार. हीच वस्तू सात वर्षांच्या पोराच्या हातात द्यायची असेल तर?

लॉसन आणि त्यांच्या टीमसमोरची खरी अडचण इथून सुरू झाली. आत्तापर्यंत अशी चिप एकदा बसवली की बसवली. ती शेकडो वेळा काढायची-घालायची वस्तू आहे, असा विचार घरगुती वस्तूत कुणी केलाच नव्हता. पिना किती वेळा घासल्यावर झिजतील? सतरंजीवर लोळलेल्या पोराच्या बोटातून स्टॅटिक वीज गेली तर चिप जळेल का? तिरकी घातली तर? अर्धवट घातली तर? अशा प्रश्नांना तयार उत्तरं नव्हती.

मग काम वाटून घेतलं गेलं. इंटेलच्या जागी फेअरचाइल्डचा एफ-८ आला. मेकॅनिकल इंजिनिअर रॉन स्मिथ यांनी कॅसेट आत जाऊन नेमकी बसेल आणि पिना टिकतील अशी यंत्रणा बसवली. डिझायनर निक टेलेसफोर यांनी तिला रूप दिलं. पिवळ्या रंगाची, हातात मावणारी, तेव्हाच्या गाण्याच्या मोठ्या कॅसेटसारखी दिसणारी. तिचं नाव ठेवलं व्हिडिओकार्ट. आपल्याकडे पोरांनी कार्ट्रिज हा शब्द बाजूला ठेवून कॅसेट म्हणायला सुरुवात केली, त्यात चूक काही नव्हतं. पहिली कार्ट्रिज दिसायलाच कॅसेटसारखी होती.

सरकारी मंजुरीचंही दुखणं होतं. टीव्हीला जोडलेल्या अशा मशीनमधून निघणाऱ्या लहरींनी शेजारच्या टीव्ही-रेडिओत खरखर होऊ नये, असा अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचा कडक नियम होता. अख्खा मदरबोर्ड धातूच्या आवरणात बंद करावा लागला, कॅसेटच्या खाचेलाही धातूचं संरक्षण द्यावं लागलं. वर प्रत्येक नवी कॅसेट वेगळी मंजूर करून घ्यायची.

त्यामुळे लॉसन यांना एकट्याने शोध लावणारे म्हणणं चूक आहे. दुसऱ्याच्या टेबलावरची हुशार कल्पना त्यांच्या टीमने लहान मुलाने आपटली तरी चालेल इतकी पक्की करून दुकानात नेली. कल्पना आणि वस्तू यांच्यामधलं हे काम सगळ्यात अवघड असतं आणि त्याचंच नाव सगळ्यात आधी पुसलं जातं.

अल्पेक्सच्या वाट्याला तरी काय आलं? पडद्यावर चित्र दाखवण्याच्या त्यांच्या पद्धतीचं पेटंट होतं. त्यावरून त्यांनी निन्टेंडोला कोर्टात खेचलं. १९९४ मध्ये ज्युरीने २० कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठरवली, पण १९९६ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला.

चॅनल एफ आलं आणि अटारी जागी झाली

नोव्हेंबर १९७६ मध्ये मशीन बाजारात आलं. नाव फेअरचाइल्ड व्हिडिओ एंटरटेनमेंट सिस्टिम, पुढे ते चॅनल एफ झालं. किंमत १६९.९५ डॉलर, एका कॅसेटची १९.९५ डॉलर.

पहिल्या कॅसेटमध्ये चार गोष्टी होत्या. आपली फुल्ली-गोळा, नेमबाजीचा एक गेम आणि पडद्यावर चित्र काढायचे डूडल, क्वाड्रा-डूडल असे दोन प्रकार. सुरुवातीच्या कॅसेटमध्ये मेमरी असायची साधारण २ केबी. आज व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा एक फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट जड असतो.

आणखी एक बटण त्यात होतं. होल्ड. चालू गेम तिथल्या तिथे थांबवायचं. आईने हाक मारली की आपण जे पॉज दाबतो, त्याचं हे जुनं रूप.

अटारी कॅसेटवाल्या मशीनवर काम करतच होती, पण फेअरचाइल्ड पुढे गेल्याचं कळल्यावर तिची घाई वाढली. पैसा लागणार होता. १९७६ मध्येच अटारीचे नोलन बुशनेल यांनी कंपनी वॉर्नर कम्युनिकेशन्सला सुमारे २.८ कोटी डॉलरला विकली आणि त्या जोरावर सप्टेंबर १९७७ मध्ये अटारीचं मशीन आलं. तेच पुढे अटारी २६०० म्हणून गाजलं.

अटारीकडे आर्केडमध्ये गाजलेले गेम होते, जाहिरातीला पैसा होता. १९८० मध्ये स्पेस इन्व्हेडर्स घरच्या मशीनवर आला आणि त्या एका गेमसाठी लोक अटारी विकत घ्यायला लागले. फेअरचाइल्डचा जीव मात्र चिपच्या धंद्यात. त्यांच्या कॅसेटींची यादी २६ च्या आसपास थांबली आणि १९७९ मध्ये त्यांनी चॅनल एफचे हक्क झिर्कॉन नावाच्या कंपनीला देऊन टाकले.

ज्याने रस्ता बांधला तो बाजूला राहिला आणि त्यावरून गाडी दुसऱ्याची धावली.

१९८० : स्वतःचं दुकान

याच वेळी आणखी एक मोठी घटना घडली होती. १९७९ मध्ये अटारीतल्या चार प्रोग्रामरनी बाहेर पडून ॲक्टिव्हिजन काढली. मशीन अटारीचं, पण गेम आम्ही बनवून विकणार. असं आधी कुणी केलं नव्हतं. अटारी कोर्टात गेली, शेवटी १९८२ मध्ये तडजोड झाली.

हे शक्य कशामुळे झालं? कॅसेटमुळेच. गेम मशीनपासून सुटा झाला, म्हणून मशीन न बनवता फक्त गेम बनवणारी कंपनी काढता आली. आज आपण ज्याला गेम स्टुडिओ म्हणतो, तो धंदा इथून जन्मला.

लॉसन यांनी १९८० मध्ये फेअरचाइल्ड सोडली आणि व्हिडिओसॉफ्ट काढली. मालक कृष्णवर्णीय असलेल्या जगातल्या अगदी पहिल्या गेम कंपन्यांपैकी ही एक. गेम बनवायचे ठरवले ते अटारी २६०० साठी. म्हणजे ज्या मशीनने त्यांच्या चॅनल एफला मागे टाकलं, त्याच मशीनसाठी. यात कमीपणा वाटायचं कारण नव्हतं. ग्राहक तिथे होता.

अटारी २६०० साठी गेम लिहिणं म्हणजे तारेवरची कसरत. मशीनमध्ये कामाला मेमरी १२८ बाइट. किलोबाइट नाही, बाइट. मराठीत एक मोठं वाक्य टाइप केलं की एवढी जागा संपते. एवढ्यात खेळाडू, शत्रू, गोळी, गुण, वेग सगळं सांभाळायचं.

व्हिडिओसॉफ्टची छोटी टीम कामाला लागली. जेनेसिस, हॅवॉक, ॲटम स्मॅशर, डेप्थ चार्ज, मिशन ओमेगा अशा गेमवर काम झालं. इतकंच नाही, सपाट पडद्यावर खोली दिसल्याचा भास देणारे थ्री-डी गेमही त्यांनी त्या तुटपुंज्या मेमरीत बनवायला घेतले. थ्री-डी घोस्ट अटॅक हे त्यातलंच एक नाव.

भाव मिळाला की अख्ख्या शिवारात तेच पीक

पुढे जे झालं ते समजायला ढाणकी-उमरखेडकडच्या शेतकऱ्याला अर्थशास्त्राचं पुस्तक लागणार नाही. एका वर्षी एखाद्या पिकाला भाव मिळतो. पुढच्या हंगामात शिवारभर तेच दिसतं. माल एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. मोठा शेतकरी माल ठेवून थांबू शकतो. दोन एकरवाल्याला त्याच आठवड्यात विकावं लागतं.

अमेरिकेत १९८२-८३ मध्ये गेमचं हेच झालं.

ॲक्टिव्हिजनचं यश बघून जो तो कॅसेट काढायला लागला. खाद्यपदार्थाच्या कंपनीपासून खेळण्याच्या कंपनीपर्यंत सगळे. अटारीच्या मशीनला कुलूप नव्हतं, कुणीही कॅसेट बनवून लावू शकत होतं. चांगले गेम थोडे, रद्दी गेम ढीगभर. दुकानदाराला फरक कळेना, गिऱ्हाइकाला तर त्याहून नाही.

अटारीनेच १९८२ च्या ख्रिसमससाठी ई.टी. चित्रपटावरचा गेम सुमारे पाच आठवड्यांत तयार करून घेतला. तो आपटला. न विकलेल्या मालाचे ट्रक १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोच्या अलामोगोर्डो गावाजवळ जमिनीत पुरले गेले. २०१४ मध्ये खोदकाम झालं तेव्हा त्या कॅसेटी खरंच सापडल्या.

दुकानदारांनी मग उरलेल्या कॅसेटी टोपलीत टाकून पाच-पाच डॉलरला काढल्या. टोपलीत पाच डॉलरला गेम मिळत असेल, तर तीस डॉलरचा नवा कोण घेणार?

यात छोट्या कंपनीची गोची कशी होते बघा. आज गेम तयार झाला की तो अपलोड करता येतो. तेव्हा गेम म्हणजे चिप. कारखान्यात हजारोंच्या संख्येने ऑर्डर द्यायची, पैसे आगाऊ मोजायचे आणि माल येण्याची वाट बघायची. तोपर्यंत बाजार पडला, तर माल आणि पैसा दोन्ही गेलं. दुकानदार नवा माल घेईना आणि नुकसान सोसायला मागे मोठी कंपनी नाही. व्हिडिओसॉफ्टचे गेम असेच कपाटात राहिले.

एकच कॅसेट

व्हिडिओसॉफ्टच्या नावाने बाजारात जी कॅसेट आली, तिचं नाव होतं कलर बार जनरेटर. साल १९८४.

तो गेम नव्हता. कॅसेट लावली की टीव्हीवर रंगीत पट्ट्या आणि रेषा यायच्या. त्या बघून टीव्हीचा रंग नीट करायचा, चित्र वर-खाली सरकत असेल तर जागेवर आणायचं. दूरदर्शनवर कार्यक्रम सुरू होण्याआधी ज्या उभ्या रंगीत पट्ट्या दिसायच्या, त्या आठवा. टीव्ही मेकॅनिकला अशा पट्ट्या दाखवणारं वेगळं यंत्र घ्यावं लागायचं. इथे ते काम घरातल्या गेमच्या मशीनवर होत होतं.

क्वीन्समध्ये लोकांचे टीव्ही दुरुस्त करत फिरणाऱ्या पोराने गेम कंपनी काढली, आणि तिच्याकडून जगाला मिळालेली एकमेव कॅसेट टीव्ही नीट करायची निघाली.

काम सुरू झाल्यावर जेमतेम पाच वर्षांत व्हिडिओसॉफ्ट बंद झाली.

योगायोग बघा. अमेरिकेत हा बाजार कोसळत असताना, जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये निन्टेंडोने फॅमिकॉम आणलं. तेच १९८५ मध्ये अमेरिकेत नव्या रूपात आलं आणि येताना आत एक कुलूप घेऊन आलं. परवानगी नसलेली कॅसेट चालूच नये अशी खास चिप. अटारीच्या वेळी झालेल्या गर्दीतून घेतलेला हा धडा. आणि आपल्याकडे गल्लोगल्ली पोहोचलेली स्वस्त मशीन ही बहुतेक या फॅमिकॉमचीच नक्कल होती.

ओळख मिळाली, पण कधी

कंपनी बंद झाल्यावर लॉसन सल्लागार म्हणून काम करत राहिले. प्रसिद्ध गायक स्टीव्ही वंडर यांच्यासोबत त्यांनी एका घड्याळावर काम केलं. गजराऐवजी आईवडिलांच्या आवाजाने मुलाला उठवणारं घड्याळ. तेही बाजारात आलं नाही. पुढे स्टॅनफर्डच्या एका उपक्रमात ते विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करायचे.

मधुमेहाने शरीर पोखरलं. एका डोळ्याची दृष्टी गेली, एक पाय निकामी झाला.

व्हिडिओ गेमच्या इतिहासावर पुस्तकं येत होती, त्यात अटारीची नावं ठळक असायची, चॅनल एफला एखादा परिच्छेद मिळायचा. २००९ मध्ये बेंज एडवर्ड्स या तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्या पत्रकाराने लॉसन यांची मोठी मुलाखत प्रसिद्ध केली. बऱ्याच लोकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की कॅसेटच्या मागच्या टीमचा प्रमुख कोण होता.

मार्च २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय गेम डेव्हलपर संघटनेने त्यांचा उद्योगातले आद्य पुरुष म्हणून सन्मान केला. त्यानंतर साधारण महिनाभराने, ९ एप्रिल २०११ रोजी त्यांचं निधन झालं. वय ७०.

आजोबांना पोस्टात काम करावं लागलं होतं. नातवाला हवं ते काम मिळालं, पण त्या कामाचं श्रेय मिळायला साडेतीन दशकं गेली.

पुढची ओळख त्यांच्या माघारी आली. २०२१ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांच्या नावाने निधी सुरू झाला. गेम डिझाइन शिकू पाहणाऱ्या कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी विद्यार्थ्यांना त्यातून मदत मिळते. सुरुवातीचे पैसे दिले टेक-टू कंपनीने, म्हणजे जीटीए ज्यांच्या छत्राखाली येतो त्यांनी. १ डिसेंबर २०२२ ला, लॉसन यांच्या ८२ व्या जयंतीला, गुगलने खास डूडल केलं. नुसतं बघायचं नाही, त्यात स्वतःचा छोटा गेम बनवता यायचा. चॅनल एफच्या पहिल्या कॅसेटमधल्या एका प्रकाराचं नावही डूडलच होतं.

व्हिडिओसॉफ्टच्या कपाटात राहिलेल्या काही गेमचे नमुने नंतर संग्राहकांच्या हाती लागले. आज कॅसेट जवळपास संपली, फुंकर मारायची गरज उरली नाही. पण फोनवर एक गेम उडवून दुसरा टाकताना आपण जे करतो, ते तेच आहे जे १९७६ मध्ये त्या पिवळ्या कॅसेटने पहिल्यांदा करून दाखवलं. मशीन तेच, खेळ नवा.